रुळाखालची खुर्ची: मॉडेल रेल्वेच्या आराखड्यात प्रत्येक चेअर का दाखवायची?

रेल्वेच्या रुळाला जागेवर कोण धरून ठेवतं, असं घरातल्या कोणालाही विचारून पाहा. बहुतेक जण म्हणतील, 'स्लीपर'. काही जण म्हणतील, 'नट-बोल्ट'. मलाही परवापरवापर्यंत असंच वाटत होतं. मग दिवाळीच्या सुट्टीत मी बडोद्याला मामाकडे गेले आणि हा समज बदलला.

मामा निवृत्त ड्राफ्ट्समन आहे. घराच्या वरच्या खोलीत त्याने ब्रिटनमधलं १९३० च्या दशकातलं एक छोटं स्टेशन उभारायला घेतलंय. ब्रिटनच का? तर तरुणपणी वाचनालयात त्याच्या हाती पडायची ती मॉडेल रेल्वेची जुनी मासिकं तिकडची होती. त्यातली रेखाचित्रं पाहून त्याचा हात वळला आणि तो छंद कायम राहिला.

मी गेले तेव्हा टेबलावर वीतभर लांबीची छापील आकृती होती. रुळांच्या बारीक रेघा, त्यांच्याखाली स्लीपरचे आयत आणि प्रत्येक स्लीपरवर, रुळाच्या दोन्ही बाजूंना, तांदळाच्या दाण्याएवढ्या छोट्या चौकटी. मामा भिंग घेऊन त्या चौकटी तपासत होता.

"मामा, स्लीपर चिकटवला की हे सगळं झाकलंच जाणार ना? मग एवढं कशाला काढतोस?"

उत्तर देण्याऐवजी त्याने खणातून रुळाचा एक मोडका तुकडा काढून माझ्या हातात ठेवला. "हा बघ. याच्या वेळी काढलं नव्हतं."

त्या तुकड्याची गोष्ट पुढे सांगतेच. आधी त्या छोट्या चौकटी म्हणजे काय ते पाहू.

चेअर म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे आज जे रूळ दिसतात, त्यांचा तळ रुंद आणि सपाट असतो. असा रूळ स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो. ब्रिटनमध्ये मात्र शंभराहून अधिक वर्षं वेगळाच रूळ वापरात होता. त्याला म्हणतात 'बुलहेड' रूळ. वरचा भाग जाड, मध्ये बारीक कंबर आणि खाली छोटा, गोलसर पाय. हा रूळ नुसता स्लीपरवर ठेवला तर आडवा पडेल. म्हणून त्याला बसायला ओतीव लोखंडाची एक खुर्ची लागते. तीच ही 'चेअर'.

या आकारामागेही एक गंमत आहे. सुरुवातीचे असे रूळ वरखाली सारखे होते. कल्पना अशी की वरची बाजू झिजली की रूळ उलटा करायचा आणि दुसरी बाजू वापरायची. एकाच्या किमतीत दोन! पण प्रत्यक्षात खालची बाजू चेअरमध्ये वर्षानुवर्षं आदळून तिच्यावर खाचा पडायच्या. उलटा केलेला रूळ खडखडायचा. शेवटी उलटण्याचा विचार सोडला, झिजणाऱ्या वरच्या बाजूला जास्त लोखंड दिलं आणि बुलहेड तयार झाला.

चेअरला दोन जबडे असतात. त्यांच्यामध्ये रूळ बसतो. तरी थोडी फट उरते. त्या फटीत लाकडाची पाचर ठोकतात. ही पाचर बहुधा ओक लाकडाची असायची आणि ब्रिटनमधल्या बहुतेक रेल्वेंत ती रुळाच्या बाहेरच्या अंगाला असायची. चेअर स्वतः जाड स्क्रूंनी किंवा बोल्टनी स्लीपरला जखडलेली. म्हणजे साखळी अशी: खडीवर स्लीपर, स्लीपरवर चेअर, चेअरमध्ये रूळ आणि रुळाला घट्ट धरणारी पाचर.

चेअर आणखी एक काम गुपचूप करते. ती रुळाला सरळ उभा धरत नाही, किंचित आतल्या बाजूला कलता धरते. हा कल २० ला १ इतका असतो. गाडीच्या चाकाचा घेर उतरता असतो, त्याला हा कल जुळतो. आपल्या भारतीय रुळांनाही हाच २० ला १ चा कल दिलेला असतो, फक्त आपल्याकडे चेअरऐवजी स्लीपरच्या बैठकीतच तो असतो.

प्रत्येक चेअर सारखी नसते

मला वाटलं होतं, एक चेअर पाहिली की सगळ्या पाहिल्या. मामा हसला. वेगवेगळ्या रेल्वे कंपन्यांच्या चेअर वेगळ्या. ग्रेट वेस्टर्न रेल्वेची चेअर दोन बोल्टवर बसायची. इतर अनेक कंपन्यांच्या चेअरला तीन किंवा चार स्क्रू असत. पुढे जी प्रमाणित चेअर आली, तिला 'एस-१' म्हणतात. तिला तीन स्क्रू. तिची लांबी सुमारे १५ इंच आणि रुंदी ८ इंच. जुन्या चेअरवर कंपनीची आद्याक्षरं आणि ओतल्याचं वर्षही उठावदार अक्षरांत असायचं. म्हणजे प्रत्येक चेअर आपला जन्मदाखला अंगावर घेऊन बसलेली!

त्यातही साध्या रुळावरच्या चेअर वेगळ्या आणि सांध्यावरच्या वेगळ्या. एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर जाते ती जागा म्हणजे सांधा. आपण 'सांधेवाला' म्हणतो तो तिथला माणूस. सांध्याची हलणारी जीभ ज्या चेअरवर सरकते ती 'स्लाइड चेअर', तिचा एक भाग सपाट पाटासारखा. मुख्य रुळाच्या आत जो रखवालदार रूळ असतो, त्या जोडीला एकत्र धरणारी चेअर वेगळी. दोन रूळ एकमेकांच्या फार जवळ येतात तिथे बसणारी अरुंद 'ब्रिज चेअर' वेगळी. आणि दोन रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगच्या नाकाखाली तर खास त्या जागेसाठीच ओतलेल्या चेअर.

टेम्प्लेट म्हणजे रुळाचा कपडे-बेत

शिवणकाम येणाऱ्यांना हे पटकन कळेल. ब्लाउज शिवण्याआधी कागदावर बेत काढतो, मग त्यावर कापड ठेवून कापतो. मॉडेल रेल्वेत हाताने रूळ बांधणारे लोकही तसंच करतात. खऱ्या मापाची नव्हे, मॉडेलच्या मापाची आकृती छापतात. ती फळीवर चिकटवतात. तिच्यावर स्लीपर चिकटवतात. मग स्लीपरवर रूळ बसतो. या आकृतीला म्हणतात 'टेम्प्लेट'.

पूर्वी हे सगळं हाताने काढायचे. आता संगणकावर होतं. ब्रिटनमधल्या मार्टिन विन यांचा 'टेम्प्लॉट' नावाचा प्रोग्राम यासाठी प्रसिद्ध आहे आणि तो मोफत मिळतो. खऱ्या रेल्वेचे नियम वापरून तो सांध्याची आकृती काढून देतो. तुम्ही सांगायचं, 'मला बी-६ हवा.' यातलं 'बी' म्हणजे जिभेचा प्रकार आणि '६' म्हणजे क्रॉसिंगचा कोन: सहा पावलं पुढे गेल्यावर एक पाऊल बाजूला. मामाच्या टेबलावर होता तो बी-६, एका ए-फोर कागदात मावणारा.

आता थोडा हिशेब. घाबरू नका, चौथीतला आहे. ब्रिटनमध्ये सर्वांत लोकप्रिय मापात १ फुटाला ४ मिलिमीटर धरतात. खऱ्या रुळांमधलं अंतर ४ फूट ८.५ इंच, म्हणजे १४३५ मिलिमीटर. मॉडेलमध्ये ते १८.८३ मिलिमीटर व्हायला हवं. बाजारात मिळणाऱ्या 'डबल-ओ' रुळात मात्र ते १६.५ मिलिमीटर असतं. खऱ्या मापात सांगायचं तर ते सुमारे ७ इंचांनी कमी आहे. म्हणून मॉडेलच्या गाड्या समोरून पाहिल्या की जरा अरुंद पायांवर उभ्या वाटतात. काही लोक १८.२ मिलिमीटरचा मध्यममार्ग घेतात, त्याला 'ईएम' म्हणतात. मामासारखे हट्टी लोक थेट १८.८३ वर जातात, त्याला 'पी-४' म्हणतात. असे रूळ तयार पाकिटात सहज मिळत नाहीत, हाताने बांधावे लागतात. म्हणून टेम्प्लेट.

या मापात साडेआठ फुटी स्लीपर ३४ मिलिमीटर लांब होतो आणि १५ इंचांची चेअर जेमतेम पाच मिलिमीटर. ६० फुटी रूळ २४ सेंटिमीटर. अशा एका रुळाखाली साधारण २४ स्लीपर धरले तर एक मीटर मार्गात १०० स्लीपर आणि २०० चेअर येतात. मामाच्या स्टेशनात नुसता मुख्य मार्ग चार मीटरचा आहे. म्हणजे ८०० चेअर!

मामाच्या मोडक्या तुकड्याची गोष्ट

मामाने पहिला सांधा बांधला तेव्हा टेम्प्लेटवर फक्त रूळ आणि स्लीपर होते. स्लीपरचे आयत दिसायला छान होते. त्यातले दोनचार त्याने नजरेच्या अंदाजाने इकडेतिकडे सरकवले, कारण त्याला ते तसे 'बरे दिसले'.

बांधताना जिभेकडून सुरुवात केली. सगळं व्यवस्थित चाललं. पण क्रॉसिंगजवळ आला तेव्हा दोन रूळ इतके जवळ आले की दोन्हींच्या प्लॅस्टिकच्या चेअर शेजारीशेजारी मावेनात. त्याने ब्लेडने एकीचा जबडा कापला. पुढच्या स्लीपरवर दुसरीचा. मग तिसरीचा. रंग लावल्यावर कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

गाड्या काही महिने चालल्या. मग बडोद्याचा उन्हाळा आला. फळी तापली, रूळ लांबला आणि ज्या ठिकाणी त्याला एकाच बाजूने धरलेलं होतं तिथे तो हळूच आत सरकला. फार नाही, केसभर. पण पी-४ मध्ये केसभर खूप होतं. इंजिन प्रत्येक फेरीला तिथेच घसरायला लागलं. मामाने चाकं तपासली, इंजिन उघडलं, वजन वाढवून पाहिलं. दोष इंजिनात नव्हताच. दोष त्या तीन कापलेल्या जबड्यांत होता. शेवटी अख्खा सांधा उपटून काढावा लागला. जवळजवळ महिनाभराच्या संध्याकाळी वाया गेल्या.

"चेअर कागदावर काढल्या असत्या तर ही टक्कर मला दहा मिनिटांत दिसली असती," मामा म्हणाला. "कागदावरची चूक खोडरबराने जाते."

चेअर दाखवल्या की कागदावर काय काय दिसतं?

मामाने मग मला नव्या टेम्प्लेटवर एकेक गोष्ट दाखवली. तुम्हीही कधी टेम्प्लेट पाहिलं, तर याच क्रमाने पाहा.

पहिली गोष्ट म्हणजे टक्कर. दोन चौकटी एकमेकांवर चढल्या आहेत का? चढल्या असतील तर तिथे साधी चेअर चालणार नाही. एक तर अरुंद ब्रिज चेअर हवी किंवा दोन्ही रूळ एकत्र धरणारी खास चेअर. खऱ्या रेल्वेतही अभियंत्यांनी हाच प्रश्न सोडवून त्या खास चेअर बनवल्या होत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे काठ. चौकट पूर्णपणे स्लीपरच्या आत आहे का? साधा स्लीपर १० इंच रुंद असतो आणि चेअर ८ इंच. म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून फक्त २ इंच मोकळे. सांध्याखालची लाकडं १२ इंचांची असतात ती उगाच नाही. तिथे चेअर तिरक्या बसतात, त्यांना जास्त जागा लागते.

तिसरी गोष्ट म्हणजे हीच तिरकी बसणी. सांध्यातून वळणारा रूळ लाकडाला काटकोनात नसतो. मग चेअर कोणाला धरून काढायची, लाकडाला की रुळाला? उत्तर: रुळाला. चेअर रुळाची सेवक आहे, रूळ जसा वळेल तशी ती वळते. नवखे लोक सगळ्या चौकटी लाकडाच्या कडेला समांतर काढतात आणि मग वळणारा मार्ग बघताना काहीतरी खटकत राहतं, पण काय ते कळत नाही.

चौथी गोष्ट म्हणजे रुळांचा जोड. दोन रूळ जिथे जोडले जातात तिथे दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळलेल्या असतात. हा जोड स्लीपरच्या डोक्यावर येत नाही, दोन स्लीपरच्या मध्ये येतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे स्लीपर जरा जवळ घेतलेले असतात, पण इतके जवळ नाहीत की चेअर त्या पट्टीला अडेल. चेअर आणि पट्टी दोन्ही काढल्या तरच हे अंतर बरोबर आहे का ते कळतं.

पाचवी गोष्ट माझी आवडती आहे. पाचरीची दिशा. गाड्या एकाच दिशेने धावतात त्या मार्गावर रूळ हळूहळू त्या दिशेने सरकत जातो. म्हणून पाचर गाडीच्या दिशेने ठोकतात. रूळ सरकला की तो पाचरीलाही सोबत ओढतो आणि ती सैल होण्याऐवजी आणखी घट्ट होते. पाच मिलिमीटरच्या चेअरवर ही पाचर म्हणजे जेमतेम एक ठिपका. तरी मामाच्या आकृतीत तो ठिपका योग्य बाजूला होता.

पण झाकलं जाणारं कशाला काढायचं?

माझ्या पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ, कारण तो चुकीचा नव्हता. स्लीपर चिकटवला की त्यावरची चेअरची रेघ त्याच्याखाली जाते. मग बांधताना ती दिसणार कशी?

मामा दोन प्रती छापतो. एक प्रत फळीवर जाते, ती साधी, फक्त रूळ आणि स्लीपर असलेली. त्यामुळे शाईही वाचते आणि रेघांची गर्दीही होत नाही. दुसरी प्रत, सगळ्या चेअर दाखवलेली, समोर भिंतीवर. दोन्हींवर प्रत्येक लाकडाला तोच क्रमांक. मग 'लाकूड १७, डावीकडे साधी, मध्ये ब्रिज, उजवीकडे जोडचेअर' असं वाचत तो रुळावर चेअर त्याच क्रमाने ओवत जातो, माळेत मणी ओवावेत तसा. एकदा रूळ बसला की मधली राहून गेलेली चेअर घालता येत नाही. म्हणून क्रम आधीच ठाऊक असावा लागतो.

अलीकडे या रेघांना आणखी मोठं काम मिळालंय. थ्रीडी प्रिंटरमुळे चेअर आणि स्लीपर घरीच छापता येतात. स्लीपरमध्ये चेअरसाठी खाच ठेवलेली असते आणि चेअर खालून निघालेल्या खुंटीने त्या खाचेत बसते, प्लग सॉकेटमध्ये बसावा तशी. टेम्प्लॉटमध्येही या पद्धतीची सोय आहे. अशा वेळी कागदावरची चेअरची चौकट ही नुसती शोभा राहत नाही. तीच ठरवते की खाच कुठे पडणार. चौकट चुकली तर रूळ चुकला.

छापताना होणारी एक साधी चूक

तुम्हाला किंवा घरातल्या मुलांना हे करून पाहायचं असेल, तर एक सल्ला आधीच देते, कारण ही चूक मी स्वतः केली. मामाने मला एक सरळ टेम्प्लेट छापून आणायला सांगितलं. मी प्रिंटरवर 'पानात बसवा' हा पर्याय तसाच ठेवला. आकृती सुंदर छापली गेली, पण ३ टक्क्यांनी लहान. १८.८३ मिलिमीटरचे झाले १८.२७.

म्हणून छापण्याआधी मापाचा पर्याय १०० टक्क्यांवर ठेवा. पानावर १०० मिलिमीटरची एक रेघ उभी आणि एक आडवी काढा आणि छापल्यावर स्टीलच्या पट्टीने मोजा. दोन्ही दिशांनी मोजणं महत्त्वाचं, कारण काही प्रिंटर एका दिशेने बरोबर आणि दुसऱ्या दिशेने किंचित चुकीचं छापतात. पावसाळ्यात कागद दमट हवेने फुगतो, तेव्हा छापल्यावर लगेच चिकटवू नका. आणि कागदावर कधीच पूर्ण विश्वास ठेवू नका. दोन रुळांमधलं अंतर शेवटी धातूच्या मापानेच तपासायचं. कागद जागा दाखवतो, माप खरं-खोटं सांगतं.

सगळ्यांनी एवढं करायलाच हवं का?

मुळीच नाही. मुलांसाठी गोल रूळ मांडून गाडी पळवायची असेल तर बाजारातले तयार रूळ उत्तम. त्यात आनंद कमी नसतो. कुणी तांब्याचा थर असलेल्या पट्ट्यांवर रूळ झाळून टाकतात, चेअर वापरतच नाहीत. ते रूळही दमदार चालतात. त्यांना टेम्प्लेटवर चेअर दाखवून काय उपयोग?

पण चेअर वापरणार असाल, तर त्या आधी कागदावर याव्यात. अर्धवट दाखवणं सगळ्यांत वाईट. सरळ मार्गावर सुबक चौकटी आणि क्रॉसिंगजवळ रिकामी जागा, असं टेम्प्लेट तुम्हाला जिथे मदत हवी तिथेच एकटं सोडतं.

आणखी एक कारण मला नंतर सुचलं. ब्रिटनने १९४९ मध्ये सपाट तळाचे रूळ प्रमाण म्हणून स्वीकारले आणि तेव्हापासून मुख्य मार्गांवरून चेअर हळूहळू निघून गेल्या. लंडनच्या भुयारी रेल्वेत, जुन्या साइडिंगमध्ये आणि सेव्हर्न व्हॅलीसारख्या जतन केलेल्या वाफेच्या रेल्वेंवर त्या अजून दिसतात. उद्या त्याही कमी होतील. तेव्हा अमुक ठिकाणी कोणती चेअर बसायची, हे सांगायला अशा छंदी लोकांच्या आकृत्या उपयोगी पडतील.

आपल्या रुळांवरची खुर्ची

मला वाटत होतं, हे सगळं दूरच्या देशातलं. पण आपल्याकडेही चेअरची आठवण शिल्लक आहे. स्टेशनात सांध्याची जीभ जिथे सरकते, तिच्याखालच्या पाटांना आपल्या रेल्वेतही 'स्लाइड चेअर'च म्हणतात. आणि रोज पहाटे हातोडा आणि पाना घेऊन आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासणारा रेल्वे कर्मचारी, त्याचं नाव काय? 'कीमन'. हिंदी पट्ट्यात 'चाबीवाला'. ही चाबी कुलपाची नव्हे, रूळ घट्ट धरणारी. आपल्याकडे ओतीव लोखंडाचे स्लीपर होते तेव्हा रूळ लोखंडी चाव्या ठोकून बसवत. आता त्या जागी स्प्रिंगसारख्या वाकवलेल्या क्लिपा आल्या. चावी बदलली, पण कीमनचं नाव तेच राहिलं.

मुलांना घेऊन पुण्याला जाणं झालं तर कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय जरूर दाखवा. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. तिथे धावणाऱ्या गाड्यांकडे सगळे बघतात. तुम्ही एक क्षण सांध्यांकडे बघा.

आणि कुणाला आपली ब्रॉडगेज करायची हौस असेल तर? आपलं अंतर १६७६ मिलिमीटर. मामाच्या मापात ते बरोबर २२ मिलिमीटर भरतं. असे रूळ दुकानात शोधत बसण्यापेक्षा आधी टेम्प्लेट काढा, मग हाताने बांधा. चेअरऐवजी क्लिपा आणि काँक्रीटचे स्लीपर काढावे लागतील, पण नियम तोच: जे रूळ धरतं, ते आधी कागदावर येऊ द्या.

निघायच्या दिवशी मामाने नवा सांधा पूर्ण केला. इंजिन सोडलं. ते जिभेवरून गेलं, क्रॉसिंगच्या नाकावरून गेलं आणि पलीकडे जाऊन थांबलं. मामाने ते दहा वेळा पुढे-मागे नेलं. एकदाही घसरलं नाही. मोडका तुकडा मात्र त्याने फेकला नाही, परत खणात ठेवला.

परतीच्या प्रवासात गाडी एका स्टेशनात थांबली. मी खिडकीतून पलीकडच्या रुळाकडे पाहिलं. प्रत्येक स्लीपरवर चार क्लिपा, ओळीने, दिसतील तिथवर. इतकी वर्षं प्रवास करते, पण त्या मी पहिल्यांदाच मोजल्या. पुढच्या वेळी फलाटावर गाडीची वाट पाहताना तुम्हीही पाहा. फलाटावरूनच हं, रुळावर उतरू नका! आणि घरी येऊन मुलांना विचारा: रुळाला कोण धरून ठेवतं?